उत्तर पाठ, पण प्रश्न कोणता?

रत्नागिरीत नाचणे रोडने जाताना घरांच्या माथ्याकडे बघत चला. खाली चांगला भक्कम स्लॅब असतो आणि त्याच्या वर लोखंडी खांब उभे करून उतरते पत्रे घातलेले असतात. घराला छप्पर आणि छपरालाही छप्पर. कारण इथल्या कुणालाही विचारा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात सपाट गच्चीवर पाणी थांबतं, भेगांतून झिरपतं आणि काही पावसाळ्यांत छताला ओल धरते. मग पत्र्याचा खर्च येतो. यात स्लॅबचा दोष नाही. कमी पावसाच्या सोलापुरात तोच स्लॅब सोयीचा असतो. वाळवणं घालता येतात, उन्हाळ्यात वर झोपता येतं. इकडे येताना मात्र तो एकटाच आला. ज्या प्रश्नाचं तो उत्तर होता, तो प्रश्न घाटावरच राहिला.

सॉफ्टवेअरमधल्या डिझाइन पॅटर्नचा आढावा घेताना छपरापासून सुरुवात करण्याचं कारण सरळ आहे. ही कल्पना संगणकवाल्यांची नाहीच. ती घरं बांधणाऱ्याकडून आली, आणि तिचं भलं-बुरं जे काही झालं, ते या छपरासारखंच झालं.

गुजरातच्या खेड्यातून

ख्रिस्तोफर अलेक्झांडर हे १९३६ साली व्हिएन्नात जन्मलेले, इंग्लंडात वाढलेले, गणित आणि वास्तुकला दोन्ही शिकलेले गृहस्थ. १९६२ च्या सुमारास ते गुजरातमधल्या बावरा नावाच्या खेड्यात काही महिने राहिले. १९६४ साली त्यांचं ‘नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म’ हे पुस्तक आलं. त्याच्या परिशिष्टात एका भारतीय खेड्याच्या रचनेचं उदाहरण सविस्तर सोडवलेलं आहे. त्यासाठी त्यांनी १४१ गरजा मांडल्या आणि कोणती गरज कोणत्या गरजेत गुंतली आहे ते पाहून त्यांचे गट पाडले. आज जगभरातले प्रोग्रामर जो शब्द रोज वापरतात, त्याच्या मुळाशी एक भारतीय खेडं आहे, हे आपल्याकडच्या वर्गांत सहसा सांगितलं जात नाही.

१९७७ साली अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अ पॅटर्न लँग्वेज’ प्रसिद्ध केलं. त्यात शहरापासून खिडकीपर्यंत २५३ पॅटर्न आहेत. प्रत्येकाची मांडणी ठरलेली: अशी परिस्थिती असते, तिच्यात ही ओढाताण होते, म्हणून असं करा. ११७ वा पॅटर्न आसरा देणाऱ्या उतरत्या छपराचा आहे, १५९ वा प्रत्येक खोलीला दोन बाजूंनी उजेड मिळावा असं सांगणारा. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे लेखकांनी पॅटर्नच्या नावापुढे तारे दिले आहेत. दोन तारे म्हणजे आमची पक्की खात्री, एक म्हणजे बरीचशी, आणि तारा नसेल तर याहून चांगलं उत्तर असू शकेल. आपल्या उत्तराची आपल्यालाच किती खात्री आहे, हे छापून सांगणारं असं पुस्तक क्वचितच सापडतं.

कोकणातल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटेल. जांभ्या दगडाच्या जुन्या घरात खळं, ओटी, पडवी, माजघर, देवघर आणि मागे परस असा क्रम असतो. तो कुणा वास्तुविशारदाने काढून दिलेला नाही. पडवी असते कारण तिरक्या पावसाने भिंत भिजते. जोतं उंच असतं कारण अंगणात पाणी वाहतं. वळचण पुढे काढलेली असते कारण पागोळ्या भिंतीपासून लांब पडल्या पाहिजेत. गवंड्याला ‘पडवी’ एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. एका शब्दात प्रश्न, उत्तर आणि त्याची किंमत तिन्ही येतात. पॅटर्न म्हणतात तो हाच.

घरातून संगणकात

१९८७ साली ऑर्लँडोमधल्या ऊप्सला परिषदेत केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम या दोन प्रोग्रामरनी अलेक्झांडरची कल्पना सॉफ्टवेअरमध्ये आणल्याचा एक छोटा प्रयोग मांडला. त्यांनी फक्त पाच पॅटर्न दिले होते. तेवढ्या आधारावर, प्रोग्रामिंग न येणाऱ्या पण स्वतःचं काम नीट जाणणाऱ्या लोकांनी आपल्या प्रोग्रामचा पडदा कसा असावा, हे स्वतः आखलं. सुरुवातीचा हेतू असा होता, की वापरणाऱ्याच्या हाती भाषा द्यायची.

पुढे हेतू थोडा बदलला. एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीस या चौघांचं ‘डिझाइन पॅटर्न्स’ हे पुस्तक १९९४ च्या अखेरीस आलं. ‘गँग ऑफ फोर’ हे त्यांना पडलेलं टोपणनाव. पुस्तकात २३ पॅटर्न आहेत: ऑब्जेक्ट तयार करण्याविषयीचे ५, ते जोडण्याविषयीचे ७ आणि त्यांच्या वागणुकीविषयीचे ११. उदाहरणं सी++ आणि स्मॉलटॉक या भाषांतली आहेत. पॅटर्न पुस्तकात घेताना वेगवेगळ्या क्षेत्रांतली निदान दोन चालती उदाहरणं द्यायची, असा लेखकांचा नेम होता. त्यांनी काही शोधून काढलं नाही. चांगले लोक काय करत आहेत ते पाहून त्याला नावं दिली.

या चळवळीचं एक अपत्य सर्वांच्या रोजच्या वापरात आहे. पॅटर्नची देवाणघेवाण सोपी व्हावी म्हणून कनिंगहॅम यांनी १९९५ साली कुणालाही बदलता येईल असं एक संकेतस्थळ सुरू केलं आणि हवाई बेटांवरच्या ‘चटकन’ या अर्थाच्या शब्दावरून त्याला ‘विकी’ म्हटलं. विकिपीडिया, आणि म्हणून २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडियाही, त्याच वंशातला.

रत्नागिरीपुरतं बोलायचं तर फिनोलेक्स अकादमी हे इंजिनिअरिंग कॉलेज १९९६ साली इथे सुरू झालं. म्हणजे हे कॉलेज आणि पॅटर्नचं पुस्तक जवळजवळ एका वयाची. त्यानंतर इथून मुंबई-पुण्याच्या कंपन्यांत गेलेल्या मुलामुलींच्या कित्येक पिढ्या मुलाखतीत ‘सिंगलटन पॅटर्न लिहून दाखवा’ या फर्माइशीला सामोऱ्या गेल्या.

आंब्याच्या हिशेबात किती पॅटर्न?

पॅटर्न लावायचे कधी, हे पिझ्झा आणि कॉफीच्या पुस्तकी उदाहरणांवरून समजत नाही. आपण आंबा घेऊ. समजा, एका बागायतदारासाठी हिशेबाचा प्रोग्राम लिहायचा आहे. पहिल्या वर्षी तो फक्त घरगुती गिऱ्हाइकांना आंबा देतो. भाव गुणिले डझन, एक ओळ. इथे कुठल्याही पॅटर्नचं नाव काढणं म्हणजे माशी मारायला तोफ आणणं.

दुसऱ्या वर्षी तो वाशीच्या बाजारातही पेट्या पाठवू लागतो. तिथला भाव माल पाठवताना ठाऊक नसतो. विक्री झाल्यावर भाडं, हमाली वगैरे वजा होऊन पट्टी येते. मग एक ‘जर-तर’ घालावा. अजूनही ठीक आहे. तिसऱ्या वर्षी हंगामाच्या अखेरीला उरलेला माल कॅनिंगला जातो, तोही किलोवर. आता तोच तीन फाट्यांचा जर-तर बिलात, खतावणीत, गिऱ्हाइकाला जाणाऱ्या संदेशात आणि वर्षअखेरीच्या ताळेबंदात असा चार ठिकाणी उभा राहतो, आणि एक ठिकाण बदलायचं राहून गेलं की हिशेब चुकतो. इथे स्ट्रॅटेजी हा पॅटर्न कामाला येतो: किंमत काढण्याच्या तीन रीती तीन वेगळ्या डब्यांत ठेवायच्या आणि बाकीच्या प्रोग्रामने फक्त ‘किंमत सांग’ म्हणायचं. फायदा स्पष्ट आहे आणि किंमतही स्पष्ट आहे. वाचणाऱ्याला आता एका फाइलऐवजी चार फायली उघडाव्या लागतात. मार्टिन फाउलर यांनी १९९९ च्या ‘रिफॅक्टरिंग’ या पुस्तकात डॉन रॉबर्ट्स यांचा म्हणून जो तीनचा नियम सांगितला आहे तो हाच: एकदा करा, दुसऱ्यांदा पुन्हा लिहावं लागलं तर कुरकुरत लिहा, तिसऱ्यांदा मात्र रचना बदला.

आता पट्टीतल्या वजावटी घ्या. भाडं, हमाली, खोक्यांचा खर्च असे थरावर थर पाहिले, की नुकतंच पुस्तक वाचलेल्याला डेकोरेटर आठवतो. मूळ रकमेभोवती एक वेष्टण, त्याभोवती दुसरं. पण थांबून विचारलं तर दिसतं, की हा नुसता वजाबाकीचा तक्ता आहे. नाव आणि रक्कम यांची यादी ठेवा, बेरीज करा, संपलं. बागायतदाराच्या वहीत शंभर वर्षं जे एका रकान्यात बसलं, त्याला पाच क्लास कशाला?

उलट एक पॅटर्न मात्र पहिल्या दिवसापासून घालावा असा आहे, तो अडॅप्टर. गिऱ्हाइकाला संदेश पाठवणारी सेवा बाहेरच्या कंपनीची असते. उद्या ती दर वाढवील, नियम बदलील किंवा बंद पडेल. तिची भाषा आपल्या सगळ्या कोडमध्ये पसरू द्यायची नाही. मध्ये एक दुभाषा बसवायचा. इथे तीनचा नियम लावत बसू नये, कारण बदल कधी होणार हे आपल्या हातात नाही. आपल्या अंगणातल्या गोष्टींना एक न्याय आणि कुंपणावरच्या गोष्टींना दुसरा, हे तारतम्य तक्त्यातून येत नाही. ते काम केल्यावर येतं.

टीका आणि तिचं वजन

पॅटर्नवरची सर्वांत धारदार टीका लवकरच आली. १९९६ साली पीटर नॉर्व्हिग यांनी दाखवलं, की लिस्प किंवा डिलनसारख्या भाषांत २३ पैकी १६ पॅटर्न एकतर फार सोपे होतात किंवा दिसेनासेच होतात. याचा अर्थ, बरेचसे पॅटर्न हे भाषेच्या उणिवांवर लावलेले टेकू होते. पुढच्या काळाने त्यांना बरंचसं खरं ठरवलं. २००४ च्या जावा ५ मध्ये सुटसुटीत फॉर आला आणि यादीवरून एकेक घटक पुढे सरकणारा इटरेटर हाताने लिहिण्याची गरज कमी झाली. २०१४ च्या जावा ८ मध्ये लॅम्डा आले आणि वर सांगितलेली स्ट्रॅटेजी पुष्कळदा एका ओळीत मावू लागली. एकात बदल झाला की बाकीच्यांना कळवणाऱ्या ऑब्झर्व्हर पॅटर्नसाठी जावाने पहिल्यापासून दिलेला ऑब्झर्व्हेबल हा तयार क्लास २०१७ च्या जावा ९ मध्ये कालबाह्य ठरवला. पण यातून ‘पॅटर्न मेले’ असा निष्कर्ष काढणं घाईचं होईल. प्रश्न तसेच आहेत. उत्तर लिहायला लागणाऱ्या ओळी कमी झाल्या. मंगलोरी कौलं जाऊन पत्रे आले तरी उतार ठेवावाच लागतो.

दुसरी टीका सिंगलटनवर. एखाद्या क्लासचा एकच ऑब्जेक्ट असावा, हा त्याचा हेतू. तो शिकायला सर्वांत सोपा, म्हणून सर्वांत जास्त लोकप्रिय, आणि म्हणूनच सर्वांत जास्त त्रास देणारा. प्रोग्रामच्या कुठल्याही कोपऱ्यातून कुणीही त्याला हात लावू शकतं, त्यामुळे कोण कशावर अवलंबून आहे ते कळत नाही आणि एकेक भाग सुटा करून तपासता येत नाही. शिवाय, जावात तो लिहिण्याची दुहेरी तपासणीची प्रसिद्ध रीत २००४ पूर्वीच्या जावाच्या स्मृतीविषयक नियमांत चुकीचीच होती. अनेक वर्षं ती पाठ करून लिहिली गेली. पुस्तकाला पंधरा वर्षं झाली तेव्हा २००९ च्या एका मुलाखतीत गामा यांनीच सांगितलं, की नव्याने लिहायचं झालं तर आपण सिंगलटन वगळण्याच्या बाजूचे आहोत. लेखकाने स्वतःच्या पॅटर्नचा तारा काढून घेतला, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरा मुद्दा पुराव्याचा. पॅटर्न वापरल्याने कोड सांभाळणं खरंच सोपं होतं का? लुट्झ प्रेखेल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यावसायिक प्रोग्रामरना घेऊन केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. प्रत्येक प्रोग्राम पॅटर्नसह आणि पॅटर्नशिवाय असा दोन तऱ्हांनी दिला आणि त्यात बदल करायला सांगितले. उत्तर मिश्र आलं. डेकोरेटर असलेल्या प्रोग्राममध्ये बदल करणं सोपं गेलं. जिथे साधं उत्तर पुरत होतं तिथे घातलेल्या ऑब्झर्व्हरने मात्र काम अडवलं, आणि ते विशेषतः पॅटर्न फारसे माहीत नसणाऱ्यांचं. म्हणजे पॅटर्नचा फायदा त्या पॅटर्नवर अवलंबून असतो, प्रसंगावर असतो आणि पुढे तो कोड कोण वाचणार यावरही असतो. या शेवटच्या गोष्टीचा विचार सर्वांत कमी होतो.

अतिरेकाचीही आता नोंद झालेली आहे. गिरीश सूर्यनारायण, गणेश समर्थ्यम आणि तुषार शर्मा या भारतीय लेखकांनी २०१४ साली रचनेतल्या दोषांचं एक पुस्तक लिहिलं. त्यात गरज नसताना आणलेलं अमूर्तीकरण हा स्वतंत्र दोष म्हणून दिला आहे. खुद्द गँग ऑफ फोरच्या पुस्तकातही सरसकट पॅटर्न लावू नका, त्यांनी येणारी लवचीकता खरंच हवी असेल तिथेच लावा, अशी सूचना आहे. ती पहिल्याच प्रकरणाच्या शेवटी आहे, आणि बहुतेक वाचक थेट तक्त्याकडे जातात.

आपल्या लिपीची परीक्षा

उत्तर एका प्रदेशातून दुसऱ्यात नेताना काय होतं, याचं सुंदर उदाहरण आपल्या हाताशी आहे. गँग ऑफ फोरच्या पुस्तकात ‘लेक्सी’ नावाच्या लेखन-संपादकाचा अभ्यास आहे आणि फ्लायवेट हा पॅटर्नही लेखन-संपादकाच्याच उदाहरणावरून समजावला आहे. दस्तऐवजात हजारो अक्षरं असतात. प्रत्येकासाठी वेगळा ऑब्जेक्ट केला तर स्मृती पुरणार नाही. म्हणून एकाच ‘ए’चा एकच ऑब्जेक्ट ठेवायचा, तो सगळीकडे वाटून वापरायचा, आणि जागा, आकार वगैरे बदलत्या गोष्टी बाहेरून द्यायच्या. छापील रोमन लिपीत हे चपखल बसतं, कारण तिथे ‘ए’ शेजारी कुणीही आलं तरी सहसा ‘ए’सारखाच दिसतो.

आता आपला ‘र’ बघा. ‘रत्नागिरी’त तो पूर्ण आहे, ‘पर्वत’मध्ये डोक्यावर रफार होऊन बसतो, ‘प्रवास’मध्ये तिरकी रेघ होतो, ‘ट्रक’मध्ये पायाशी जातो. अक्षराचा आकार शेजाऱ्यावर ठरतो. म्हणजे वाटून घेण्याजोगं काय आणि बाहेरून द्यायचं काय, ही सीमारेषाच देवनागरीत सरकते. इटरेटरचंही तसंच. ‘रत्नागिरी’ या शब्दात युनिकोडचे नऊ घटक आहेत; वाचणाऱ्याला मात्र र, त्ना, गि, री अशी चार अक्षरं दिसतात. एकेक घटक पुढे सरकणारा इटरेटर लावून शब्द उलटा छापायला सांगितला, तर काने-वेलांट्या भलत्याच व्यंजनांना चिकटतात. पॅटर्न चुकीचा नाही. ‘एक घटक’ म्हणजे काय, हा त्याच्या आधीचा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मराठीसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्याने तो विचारायलाच हवा.

शिकायचं कसं?

माझ्या मते २३ पॅटर्न क्रमाने पाठ करणं हा सर्वांत वाईट मार्ग आहे. त्याने नावं येतात आणि ती वापरण्याची खुमखुमीही येते. त्याआधी पुस्तकातली दोन तत्त्वं नीट समजून घ्यावीत: आत काय आहे त्यावर विसंबू नका, बाहेर काय दिसतं त्यावर विसंबा, आणि वारसाहक्काने गुण घेण्यापेक्षा तुकडे जोडून काम भागवा. निम्म्याहून अधिक पॅटर्न या दोहोंतून आपणच सुचतात.

दुसरं, पॅटर्न लिहिण्याआधी वाचावेत. अँड्रॉइडचं ॲप करणाऱ्या बऱ्याच विद्यार्थ्यांनी यादी दाखवण्यासाठी अडॅप्टर नावाचा क्लास लिहिलेला असतो. जावात फाइल वाचताना एका प्रवाहाला दुसरा गुंडाळलेला असतो, तो डेकोरेटर. हे तिथे का आहेत आणि नसते तर काय झालं असतं, याचं उत्तर शोधलं तर पाठांतराची गरज उरत नाही.

तिसरं, साध्या कोडपासून सुरुवात करून अडचण आली की पॅटर्नकडे वळावं. जोशुआ केरिएव्हस्की यांच्या २००४ च्या ‘रिफॅक्टरिंग टू पॅटर्न्स’ या पुस्तकाचा सगळा भर यावरच आहे, आणि गरज संपली तर पॅटर्नपासून परत फिरण्याच्या वाटाही त्यात आहेत. चौथं, गँग ऑफ फोरच्या पुस्तकात प्रत्येक पॅटर्नला परिणामांचा जो भाग असतो तो आकृतीच्या आधी वाचावा. काय मिळतं आणि काय मोजावं लागतं, ते तिथेच लिहिलेलं असतं. आज कोड लिहून देणारी साधनं आली आहेत. ती मागितलेला पॅटर्न क्षणात देतात आणि कधी न मागितलेलाही देतात. उत्तर फुकट झाल्यावर प्रश्न ओळखता येणं हीच कमाई उरते.

अलेक्झांडर यांनाही हा अनुभव आला होता. त्यांच्या पहिल्या पुस्तकावरून ‘डिझाइन पद्धती’चा एक पंथच उभा राहिला, तेव्हा १९७१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी स्पष्ट लिहिलं, की प्रत्यक्ष काम सोडून नुसत्या पद्धतीचा अभ्यास आपल्याला मान्य नाही. १९९६ साली ऊप्सला परिषदेत ते प्रोग्रामरांपुढे बोलले तेव्हाही त्यांच्या बोलण्याचा रोख असाच होता: या पॅटर्नमुळे तुमचे प्रोग्राम खरोखर चांगले होतात का?

तेव्हा या सगळ्या आढाव्याचा निकाल असा. पॅटर्न शिकावेत, कारण त्यांनी चार माणसांना एका शब्दात बोलता येतं आणि दुसऱ्यांनी भरलेली किंमत आपल्याला पुन्हा भरावी लागत नाही. लावताना मात्र एक साधी शिस्त पाळावी. जिथे पॅटर्न घालाल, तिथे वर मराठीत एक ओळ लिहा: याच्याशिवाय कोणती अडचण येत होती. ‘येऊ शकेल’ नव्हे, ‘येत होती’. अपवाद फक्त कुंपणावरच्या अडॅप्टरचा. ओळ लिहिता आली तर पॅटर्न राहू द्या. नाही आली तर तो काढून टाका आणि साधा जर-तर ठेवा. पुढच्या हंगामात तोच बदलायला सोपा जाईल.